शलमोनाचा खजिना आणि दगडी घरांचं गाव

गेल्या काही भागांत आपण बचत, व्याज, बँकेचे हप्ते असंच बोलत आलो. आज जरा लांब फिरायला जाऊ. आफ्रिकेत जाऊ, आणि तेही एका जुन्या पुस्तकाचं बोट धरून.

पुस्तकाचं नाव 'किंग सॉलोमन्स माइन्स', म्हणजे शलमोन राजाच्या खाणी. साल १८८५. लेखक हेन्री रायडर हॅगार्ड. नकाशा, वाळवंट, डोंगरापलीकडचं जगाला माहीत नसलेलं राज्य आणि तिथल्या गुहेतला खजिना, अशा गोष्टी आपण सिनेमात पुष्कळ पाहिल्या. त्या गोष्टींचा इंग्रजीतला मोठा वाडवडील म्हणजे हे पुस्तक. बी.ए.ला असताना मी ते कॉलेजच्या ग्रंथालयातून घरी नेलं आणि दोन रात्रींत संपवलं. गोष्ट सांगणारा म्हातारा शिकारी सुरुवातीलाच बजावतो की या सगळ्या हकिकतीत एकही परकर सापडायचा नाही. म्हणजे बाईमाणूस नाही. एक फौलाटा नावाची मुलगी आहे हे त्याला आठवतं. मग गागूल नावाची म्हातारीही आठवते. पण तिची शंभरी उलटलेली, लग्नाची ती नव्हे, म्हणून ती मोजायची नाही असं तो म्हणतो. पुस्तक मुलांसाठीच लिहिलेलं. अर्पणपत्रिकेतही ते वाचणाऱ्या लहानमोठ्या सगळ्या मुलग्यांची आठवण काढली आहे. मुलींची नाही.

मला मात्र त्या न मोजलेल्या बायकाच जास्त लक्षात राहिल्या. त्यांच्याकडे येऊच. आधी लेखक.

हॅगार्डचा जन्म १८५६चा, इंग्लंडमधल्या नॉरफोक भागातला. बाप जमीनदार. आई एला कविता लिहायची. तिचे वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मुंबईला होते, तेवढा एक धागा आपल्याकडचा. दहा भावंडांत हा आठवा. बापाला वाटे, पोरगं मठ्ठ आहे, याच्या शिक्षणावर पैसा घालण्यात अर्थ नाही. थोरले भाऊ मोठ्या शाळांत गेले, हा साध्या शाळेत. १९ वर्षांचा झाला तेव्हा, म्हणजे १८७५ साली, बापाने त्याला दक्षिण आफ्रिकेत नाताळ नावाच्या इंग्रजी वसाहतीत पाठवलं. तिथल्या राज्यपालाच्या पदरी बिनपगारी नोकरी! आपल्याकडेही हुशार न ठरलेल्या पोराला मामाकडे धाडतात, तसलाच प्रकार.

पण तिथे पोराचे डोळे उघडले. झुलू लोकांच्या सभा, नाच, लढाईच्या गोष्टी त्याने जवळून पाहिल्या-ऐकल्या. १८७७ साली इंग्रजांनी शेजारचा ट्रान्सवाल प्रांत ताब्यात घेतला, तेव्हा प्रिटोरिया शहरात इंग्रजी झेंडा चढवताना हा वीस वर्षांचा मुलगा दोरीला हात लावून होता. हे विसरून चालणार नाही. हॅगार्ड आफ्रिकेत नुसता पाहुणा नव्हता, राज्य घेणाऱ्यांपैकी होता. पुढे त्याने इंग्लंडला जाऊन लग्न केलं, बायकोला घेऊन परत आला आणि शहामृगं पाळायचा धंदा मांडला. तेव्हा मडमांच्या टोप्यांना शहामृगाची पिसं लागत. तेवढ्यात बोअर लोकांशी लढाई पेटली, आणि १८८१ साली दोघं तान्हं मूल घेऊन इंग्लंडला परतली.

आता पुस्तकाच्या जन्माची गोष्ट. हॅगार्ड वकिलीचा अभ्यास करत होता. त्या वेळी स्टीव्हन्सनच्या 'ट्रेझर आयलंड'चा फार बोलबाला होता. हॅगार्ड भावाला म्हणाला, त्यात एवढं काय आहे? भाऊ म्हणाला, त्याच्या निम्म्याने तरी चांगलं लिहून दाखव, लागली पैज. याने दिवसाचं काम उरकून संध्याकाळी बसून सहा आठवड्यांत पुस्तक हातावेगळं केलं.

पुढचा भाग गटातल्या बायकांनी नीट ऐकावा, कारण तो आपल्या कामाचा आहे. कॅसेल नावाच्या प्रकाशकाने त्याच्यापुढे दोन पर्याय ठेवले. एकरकमी १०० पौंड घे आणि पुस्तकावरचा हक्क सोड, किंवा विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीमागे १० टक्के घे. हॅगार्डला पैशाची नड होती, आधीची दोन पुस्तकं फारशी चालली नव्हती. तो १०० पौंडांना हो म्हणून बसला. संपादक करारपत्र आणायला आत गेला. खोलीत कोपऱ्यात एक कारकून बसला होता. तो हळूच म्हणाला, साहेब, मी तुमच्या जागी असतो तर दुसरा पर्याय घेतला असता. संपादक परत आला तेव्हा हॅगार्डचं मत बदललेलं.

पुस्तक सप्टेंबरच्या शेवटी बाजारात आलं. आदल्या रात्री लंडनच्या भिंतींवर मोठमोठ्या जाहिराती लागल्या होत्या. पहिल्या वर्षात ३१,००० प्रती खपल्या. किंमत पाच शिलिंग. दर प्रतीमागे १० टक्के म्हणजे अर्धा शिलिंग. २० शिलिंगांचा एक पौंड. करा हिशोब. पहिल्या वर्षाचेच पावणेआठशे पौंडांच्या आसपास होतात, आणि पुस्तक तर त्याच्या हयातभर खपत राहिलं. मसाल्याची पाककृती व्यापाऱ्याला एकरकमी देऊन टाकावी का, असं आमच्या गटात मागे चाललं होतं, तेव्हा मी हीच गोष्ट सांगितली होती. त्या कारकुनाचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आता पुस्तकात काय आहे ते थोडक्यात. ॲलन क्वाटरमेन हा डर्बनचा हत्तींचा शिकारी. सर हेन्री कर्टिस हा धिप्पाड इंग्रज आपला हरवलेला भाऊ शोधायला येतो. सोबत कॅप्टन गुड, नटवा, कवळी लावणारा. क्वाटरमेनकडे ३०० वर्षांपूर्वीच्या एका पोर्तुगीजाने मरताना रक्ताने काढलेला नकाशा असतो. अंबोपा नावाचा रुबाबदार आफ्रिकी माणूस नोकर म्हणून येतो. तहानेने जीव जाईपर्यंत वाळवंट तुडवून, बर्फाचे डोंगर ओलांडून ते कुकुआना लोकांच्या राज्यात पोचतात. तिथे एकडोळ्या ट्वाला राजाचा जुलूम. अंबोपाच खरा वारस निघतो. लढाई होते, ट्वाला मरतो, अंबोपा गादीवर बसतो आणि हे तिघे खजिन्याच्या गुहेकडे जातात.

मध्ये एक ग्रहणाचा प्रसंग आहे, त्यात लेखकाची चांगली फजिती झाली. नाचात सगळ्यांत सुंदर ठरलेल्या मुलीचा बळी द्यायची तिथली रीत. तशी निवडली गेलेली मुलगी म्हणजे फौलाटा. कॅप्टन गुडकडच्या पंचांगात ग्रहण असतं. ते बघून हे तिघे आम्ही आकाशातला दिवा विझवतो अशी बतावणी करतात आणि तिला सोडवतात. पहिल्या आवृत्तीत हे सूर्यग्रहण होतं, आणि त्याच दिवसांत आकाशात पूर्ण चंद्रही होता! अमावास्येशिवाय सूर्यग्रहण लागत नाही, हे आपल्या कोणत्याही आजीला विचारा. हॅगार्डला पुढच्या आवृत्तीत त्याचं चंद्रग्रहण करावं लागलं.

तर फौलाटा. लढाईत जखमी झालेल्या गुडच्या उशाशी ती रात्रंदिवस बसते, त्याला मरणातून ओढून आणते. दोघांचा जीव एकमेकांवर जडतो. मग गुहा. गागूल म्हातारी त्यांना खजिन्याच्या खोलीत नेते आणि हे हिऱ्यांच्या पेट्या उघडण्यात गुंग असताना दगडी दार खाली सोडून पळू बघते. फौलाटा तिला धरून ठेवते. गागूल तिला भोसकते आणि स्वतः त्या दाराखाली चिरडते. फौलाटा मरताना म्हणते की बरं झालं मी मरते, उजेड आणि अंधार यांचं लग्न होत नसतं. पुढे म्हातारा क्वाटरमेन काय म्हणावा? ती गेली हे एका परीने बरंच झालं, नाहीतर भानगडी झाल्या असत्या. गोरा अधिकारी काळ्या मुलीला बायको म्हणून घरी कसा नेणार, ही ती भानगड. सेवा केली तोवर पोर गुणाची, आणि घरात घ्यायची वेळ आली की अडचण. मी हे वाचून पुस्तक मिटून ठेवलं होतं. मग उघडलं, कारण ते तिघे अजून गुहेत अडकले होते आणि पुढे काय होतं ते कळायला हवं होतं. लेखक म्हणून हॅगार्डची ताकद ती.

गागूलचं आणखी वेगळं. ती माणसांतले चेटके ओळखून काढते, ती बोट दाखवेल त्याला मारतात. पुस्तकभर ती माकडासारखी, गिधाडासारखी दिसते. पण नीट वाचलं तर एक गोष्ट लक्षात येते. हे परके लोक हिऱ्यांसाठी आलेत, त्यांच्या मागून आणखी येतील, हे त्या अख्ख्या राज्यात ओळखणारी ती एकटी आहे. आणि पुस्तक छापल्यावर पाचच वर्षांत खरोखर तसंच झालं. आपल्याकडे नंदुरबारच्या बाजूला बाईला डाकीण ठरवल्याच्या बातम्या तुम्ही ऐकता. राज्यात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तरी ऐकता. ठरवली जाते ती पुष्कळदा एकटी, म्हातारी, आणि नावावर जमिनीचा तुकडा असलेली. गागूलचं नखशिखांत वर्णन वाचताना मला त्या बायका आठवत राहतात. हॅगार्डला ते अभिप्रेत नसेल, पण माझ्या डोळ्यांपुढून ते जात नाही.

हॅगार्डवर मी नुसती टीका करते आहे असं वाटू देऊ नका. त्याच्या वाट्यालाही काही आलं. १८९१ साली एका मित्राच्या सांगण्यावरून तो बायकोसह मेक्सिकोला गेला. तिथे जुन्या राजाचं पुरलेलं सोनं आहे अशी खबर होती. एकुलता एक मुलगा जॉक मागे इंग्लंडमध्ये ओळखीच्या घरी ठेवला होता. तो गोवराने गेला. नऊ वर्षांचा. खजिन्याच्या गोष्टी सांगणाऱ्याला खऱ्या खजिन्याच्या वाटेवर ही बातमी मिळाली. सोनं तर मिळालं नाहीच.

पुढे तो शेतीत रमला. इंग्लंडची खेडी ओस पडत होती, मजूर शहराकडे जात होते. गावोगाव हिंडून शेतकऱ्यांशी बोलून त्याने १९०२ साली 'रूरल इंग्लंड' नावाचे दोन जाड खंड लिहिले. मग डेन्मार्कला जाऊन तिथले छोटे शेतकरी एकत्र येऊन डेअरी कशी चालवतात, अंडी कशी विकतात ते पाहिलं आणि १९११ साली त्यावरही पुस्तक लिहिलं. १९१२ साली त्याला 'सर' ही पदवी मिळाली ती अशा सरकारी कामासाठी, कादंबऱ्यांसाठी नाही. दूध संघवाल्या बायांनो, हा तुमच्यातलाच निघाला की नाही?

आता त्या खाणींकडे.

बायबलमध्ये शलमोन राजाची गोष्ट आहे. त्याची जहाजं ओफीर नावाच्या ठिकाणाहून सोनं आणत. हे ओफीर कुठलं, यावर लोकांनी शेकडो वर्षं तर्क लढवले. काहींनी तर ते आपलं सोपारा असावं असंही म्हटलं. पोर्तुगीज आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला आले, तेव्हा त्यांनी आतल्या भागातल्या मोठ्या दगडी कोटाबद्दल ऐकलं आणि त्याचा संबंध बायबलातल्या शबाच्या राणीशी जोडून टाकला. १८७१ साली कार्ल माउख नावाचा जर्मन प्रवासी तिथे पोचला. लाकडाचा तुकडा हुंगून म्हणाला, हा लेबननचा देवदार, म्हणजे इथे शबाची राणी राहत होती.

ते ठिकाण म्हणजे ग्रेट झिम्बाब्वे. मोठ्या वाड्याची बाहेरची भिंत घेराने सुमारे २५० मीटर, उंची काही ठिकाणी ११ मीटरपर्यंत. चुना नाही, माती नाही. कोकणात गडगा घालतात तसे दगडावर दगड रचलेले, पण प्रत्येक दगड घडवलेला आणि ओळ सुतात. शेकडो वर्षं उभी आहे. आतमध्ये निमुळता होत गेलेला भरीव बुरूज.

हॅगार्डने पुस्तक लिहिलं तेव्हा हे त्याने पाहिलेलं नव्हतं, फक्त अशा अफवा आफ्रिकेत कानावर होत्या. पण पुस्तकात काय केलं बघा. कुकुआनांच्या देशात एक भव्य जुना रस्ता आहे. तो कुणी केला हे तिथल्या लोकांना माहीत नाही. मग हे इंग्रज ठरवतात की तो शलमोनाच्या माणसांनी केला असणार. इथल्या माणसांकडून एवढं काम होईल अशी शंकाही कुणाला येत नाही. हजारो घरांत हे पुस्तक वाचलं गेलं. पुस्तकातला तर्क आणि बाहेरच्या गप्पा एकमेकींत मिसळून गेल्या.

१८९० साली सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीने तो प्रदेश घेतला. दुसऱ्याच वर्षी तिथे अभ्यासाला थिओडोर बेंट नावाचा माणूस गेला. त्याने सांगितलं, हे बांधणारे बाहेरून आलेले. कंपनीला हेच हवं होतं. आधीही परक्यांनीच इथे राज्य केलं असेल, तर आपण आलो यात नवल ते काय! १८९५ साली तर आसपासचे जुने अवशेष सोन्यासाठी खणायचा परवानाच एका कंपनीला मिळाला. सापडलेले दागिने वितळवून टाकले. आणि १९०२ पासून रिचर्ड हॉल नावाच्या देखरेख अधिकाऱ्याने खुद्द ग्रेट झिम्बाब्वेत साफसफाई केली. आफ्रिकी लोकांनी केलेली घाण काढतो म्हणून त्याने वरची कित्येक फूट माती खरवडून बाहेर टाकली. त्या मातीतच चुली, खापरं, घरांच्या जमिनी होत्या. राहणाऱ्यांचा सातबारा म्हणा ना, तोच फाडला. १९०५ साली रँडल-मॅकआयव्हर या अभ्यासकाने, हे आफ्रिकी लोकांचंच काम आहे, असं सांगितलं. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याला उडवून लावलं.

१९२९ साली हा वाद मिटवायला इंग्लंडमधून जी तुकडी आली, तिची प्रमुख बाई होती. गर्ट्रूड कॅटन-थॉम्पसन, वय ४१, इजिप्तमध्ये खणून तयार झालेली. सोबत डोरोथी नोरी आणि २३ वर्षांची कॅथलीन केन्यन, जी पुढे स्वतः फार मोठी संशोधक झाली. तिन्ही बायका. त्या काळी हे अगदी नवलाचं होतं.

तिचं काम कसं चाले ते मला फार आवडतं. वरची माती तर हॉलने घालवली होती. मग तिने लोकांनी हात न लावलेला कोपरा शोधला. भिंतीच्या आणि घराच्या जमिनीच्या खाली काय दबलं आहे ते पाहायचं. कारण भिंतीखाली सापडलेली वस्तू भिंतीच्या आधीची, हे तर उघड आहे. त्या बुरुजाखालून तिने बोगदा काढला. पुरलेला राजा नाही, खजिना नाही. मिळालं ते काय? तिथल्या बायका आजही घडवतात त्याच जातीची मातीची भांडी. आणि काचेचे मणी, समुद्रापलीकडून आलेले.

मण्यांवर जरा थांबते. आफ्रिकेचा पूर्व किनारा आणि आपला पश्चिम किनारा यांच्यात वाऱ्याच्या जोरावर शेकडो वर्षं गलबतं ये-जा करत. इकडून कापड आणि मणी जात, तिकडून सोनं आणि हस्तिदंत येई. अलीकडे रायगड जिल्ह्यात अलिबागजवळच्या चौल बंदरात उत्खनन झालं. तिथल्या मण्यांची काच आणि पूर्व आफ्रिकेत सापडलेल्या काही मण्यांची काच एकाच प्रकारची निघाली. आपल्या मंगळसूत्रातल्या मण्यांसारखे बारीक मणी. त्यांच्यावरून जमिनीचं वय काढता येतं, कारण कुठला मणी कुठल्या काळात चालत होता याचा अंदाज असतो. शलमोन राजा होऊन गेला तीन हजार वर्षांपूर्वी. मणी मध्ययुगातले. पुढच्या संशोधनाने काळ आणखी पक्का झाला. साधारण अकराव्या ते पंधराव्या शतकात शोना लोकांच्या पूर्वजांनी हे शहर उभं केलं. गुरं, शेती आणि सोन्याचा व्यापार यांच्यावर.

त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत विद्वानांच्या सभेत तिने हे उभं राहून सांगितलं. एक प्रसिद्ध प्राध्यापक रागाने बोलून सभेतून निघून गेला. पुढे शलमोनवाल्यांची पत्रं तिला येत राहिली. ती सगळी पत्रं ती एका फायलीत ठेवी, आणि त्या फायलीवर तिने लिहिलं होतं 'वेडेपणा'.

तरी खरं लगेच पोचलं नाही. १९६५ नंतर तिथल्या गोऱ्या सरकारने पुस्तकांत, माहितीपत्रकांत आफ्रिकी बांधकाम असं उघड म्हणू नये असा दबाव ठेवला. पीटर गार्लेक या सरकारी पुरातत्त्वज्ञाला १९७० साली देश सोडावा लागला. १९८० साली देश स्वतंत्र झाला. त्याने नाव घेतलं झिम्बाब्वे, शोना भाषेत दगडी घरं. तिथे सापडलेला मऊ दगडात कोरलेला पक्षी आज त्यांच्या झेंड्यावर आहे.

आणि हॅगार्डचं पुस्तक? त्यावर सिनेमे निघाले. १९३७ च्या आणि १९५० च्या सिनेमात निर्मात्यांनी पुरुषांच्या जोडीला एक गोरी नायिका घुसवली, बिनापरकराची गोष्ट पडद्यावर चालेना! फौलाटाला त्यांनी जागा दिली नाही. पुस्तक अजून छापलं जातं, ग्रंथालयात विचारलंत तर मिळेलही. घरातल्या पोरांना वाचायला द्या. ग्रहणाचा भाग त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या आणि सूर्यग्रहण आहे की चंद्रग्रहण ते तपासा, म्हणजे कुठली आवृत्ती हातात आली ते कळेल. भेटू पुढच्या बुधवारी. नमस्कार.